भिंतीचा मोबदला

चूक खरं तर दोघांची होती. कडूबाने ती केली आणि कल्याणीने वहीत तिच्यापुढे बरोबरची खूण केली.

वाटूर फाट्यावर रस्ता रुंद होणार होता. कुणाची टपरी जाणार, कुणाचं कुंपण जाणार, कुणाच्या ओट्याच्या किती पायऱ्या जाणार, याची नोंद करायचं काम कल्याणीकडे होतं. ती स्थापत्य अभियंता. वय सत्तावीस, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि आवाज असा की तीन ट्रक पलीकडचा माणूससुद्धा टेप सरळ धरायचा. तिने नंबर सांगायचा, हाताखालच्या कडूबाने लाल रंगात तो भिंतीवर लिहायचा, शेजारी बाण काढायचा, तिने टिक करायची आणि दोघांनी पुढे सरकायचं. जानेवारीतल्या त्या सकाळी पन्नासेक भिंती उरकल्या होत्या. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडपाशी येऊन ती म्हणाली, "चौदा-तीनशे ऐंशी." कडूबाने लिहिलं. तिने टिक केली.

"ओ! ओ मॅडम!"

शेडच्या दारातून एक उंच तरुण चहाचा कप घेऊन धावत आला. सदऱ्याला निळा रंग, कानाला निळा रंग आणि चहा निम्मा मनगटावर.

"हे काय केलं तुम्ही?"

"मार्किंग," कल्याणी म्हणाली. "नोटीस सगळ्यांना दिली आहे. भिंत रस्त्यात येते."

"भिंत येते, मान्य. पण ही भिंत कुठंय?"

कल्याणीने वळून पाहिलं. भिंतच तर होती. उडालेला चुना, आडवा तडा, पानाच्या पिचकाऱ्या, अर्धी पुसलेली खताची जाहिरात... आणि मग तिला भिंतीची कड दिसली. कडेला ओळीने खिळे मारलेले होते. सहा बाय चार फुटांचं कापड लाकडी चौकटीवर ताणून भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि त्याच्यावर तीच भिंत रंगवली होती. तिच्या मधोमध आता ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, १४/३८०. बाणासकट.

कडूबाने कपाळाला हात लावला. "मॅडम, आईशप्पथ, मला भितच वाटली हो!"

तरुणाने कप खाली ठेवला. "खरंच भिंत वाटली?"

"मंग काय! बरश टेकवला तवा हालली जराशी. म्या म्हनलं, जुनं बांधकाम हाय."

"बिलकुल शंका आली न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

आता हा माणूस भांडणार, अशा तयारीत कल्याणी उभी होती. पण तो हसायला लागला. आधी गालात, मग मोठ्यांदा, मग कडूबाचा हात हातात घेऊन. "दीड वर्ष झालं चित्रं काढून राह्यलो, मामा. इतकी तारीफ अजून कुणी केली न्हाई."

कल्याणीला मात्र हसू आलं नाही. ती त्या कापडापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिने वर पाहिलंसुद्धा नव्हतं. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "तपासायला पाहिजे होतं मी. पुसून द्यायचं का? टर्पेंटाइन आणते—"

"हात लावू नका! तो रंग निघाला तर त्याच्यासोबत भिंत पण निघेल."

"मग काय करायचं?"

"मंग मोबदला. बाधितांना मिळतो म्हणे."

"अर्ज करावा लागतो. दोन प्रतींत." कल्याणीचा चेहरा जराही हलला नाही.

"सोबत काय जोडू?"

"सातबारा, आधार कार्ड आणि बाधित मालमत्तेचा फोटो."

"सातबारा न्हाई माझ्याकडे. चहा चालेल?"

"तुम्ही मला पाजला तर ती लाच होईल."

"मंग तुम्ही पाजा. येणं माझं आहे!"

हा माणूस आगाऊ आहे, असं तिने मनात ठरवलं. आणि मग फाट्यावरच्या उषाबाईंच्या हॉटेलात जाऊन त्याला चहा पाजला.

त्याचं नाव मुकुल. तिच्यासारखाच जालन्याचा. मेकॅनिकल इंजिनिअर झाला, चाकणला एका कारखान्यात पाच वर्षं राहिला, सीनियर झाला, आणि एके दिवशी राजीनामा देऊन मामाच्या बंद जिनिंगमध्ये चित्रं काढायला येऊन बसला. फाट्यावर कुणाला हे नीट समजत नव्हतं. 'पेंटर आलाय' एवढंच समजलं, म्हणून लोक मोटारसायकलच्या नंबरप्लेटा घेऊन यायचे. उषाबाईंच्या हॉटेलचा बोर्ड त्यानेच रंगवला होता. त्याच्यावरची भजी त्याने इतकी टपोरी काढली की गिऱ्हाईक ताटातली भजी परत करून बोर्डावरची मागायला लागले, आणि उषाबाई त्याच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

मोबदला एका चहात फिटला असता. पण मुकुलचं म्हणणं पडलं की बाधित क्षेत्र चोवीस चौरस फूट आहे, म्हणजे चोवीस चहा. कल्याणीने हुज्जत घातली, कागदावर आकडे मांडले, बारावर आणून सोडलं, आणि तिसऱ्या आठवड्यात कितवा चहा चालू आहे हे दोघांनीही मोजायचं सोडलं.

ती भिंत तो तुकड्या-तुकड्याने काढत होता. सहा बाय चारचे आठ तुकडे. रस्ता होण्याआधी अख्खी भिंत कापडावर आली पाहिजे, असं त्याचं चाललं होतं.

"फोटो काढून ठेवायचा की," एकदा ती म्हणाली. "पाच मिनिटांत काम होईल."

"फोटोत भिंत येते हो. ऊन येत न्हाई. नऊचं ऊन वेगळं अन् दहाचं वेगळं." मग तिच्याकडे बघत म्हणाला, "तुम्हीसुद्धा नऊला वेगळ्या दिसता अन् दहाला वेगळ्या."

"दहाला मला भूक लागलेली असते," कल्याणी म्हणाली आणि हेल्मेट उगाचच नीट केलं.

फेब्रुवारीत अवकाळी आला. दुपारी चारला आभाळ भरून आलं आणि बघता बघता गारा पडायला लागल्या. कडूबा आणि बाकीची माणसं उषाबाईंकडे पळाली. कल्याणी वही पोटाशी धरून शेडमध्ये शिरली. पत्र्यावर असा आवाज होता की बोलायला जवळ यावं लागत होतं. ती ओढणीने तोंड पुसत उभी राहिली. मुकुल जमिनीवर बसून नव्या चित्राची चौकट जोडत होता.

"काटकोनात नाही ती," ती म्हणाली.

"काय?"

"चौकट! काटकोनात नाही!"

"डोळ्यांनी सांगता?"

तिने खिशातून टेप काढला आणि त्याच्या हातात टोक दिलं. "धरा कोपऱ्यावर." एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत माप घेतलं. मग दुसरं. "दोन्ही कर्ण सारखे पाहिजेत. तीन मिलिमीटरचा फरक आहे."

"तीन मिलिमीटरनी काय होतं?"

"चाकणला असं म्हणाला असता का?"

तो हसला. टेपचं टोक त्याने सोडलं नाही, आणि टेप परत गुंडाळायचं तिलाही सुचलं नाही. गारा थांबल्या, नुसता पाऊस राहिला. ओल्या मातीचा आणि जवसाच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळला होता.

"का सोडलं?" तिने विचारलं. "खरं सांगा."

"मोठं कारण न्हाई काही. माझ्याकडे तपासणी होती. ओरखडा असलेला पार्ट बाजूला काढायचा, हे काम. तीन वर्षं मी ओरखडे बघितले. मंग एक दिवस लक्षात आलं, की घरी आल्यावर मी त्या ओरखड्यांचीच चित्रं काढून राह्यलो. चांगला पार्ट कसा दिसतो, ते मला आठवत पण नव्हतं." मोकळ्या हाताने त्याने चौकटीवरचा भुसा झटकला. "बॉस वाईट न्हवता, पगार चांगला होता. तरी सोडलं. लोकांना वाटतं काहीतरी लफडं झालं असेल..."

"मला नाही वाटलं."

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं... तुम्ही बरोबर केलं असणार."

हे तिने पत्र्यावरच्या आवाजात सांगितलं, पण त्याला ऐकू गेलं. कल्याणी त्याच संध्याकाळी प्रेमात पडली आणि तिला ते त्याच संध्याकाळी कळलंही. जालन्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती उगाच हसत होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पास झालीस का गं?"

पुढच्या महिनाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. लग्नाबद्दल कुणी काही बोललं नाही, पण दोघंही 'आपण' म्हणायला लागले होते. घरी तिने स्वतःच सांगितलं. तिचे वडील रामराव पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगी अभियंता झाली तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते, आणि जावई अभियंताच करायचा, हे त्यांनी पेढे वाटतानाच जाहीर केलं होतं. मुलगा मेकॅनिकल आहे म्हटल्यावर ते खूश झाले. पुढचं ऐकून चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "मी येतो बघायला."

मार्चच्या एका रविवारी ते आले. हात मागे बांधून एकेक चित्र जवळून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, चष्मा घालून पाहिलं. जिनिंगच्या जुन्या मशीनचं एक चित्र होतं, त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. "चक्राचे दाते बराबर आहेत," म्हणाले. "मोजले मी." मुकुलने खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर रामराव सरळ मुद्द्यावर आले.

"हे बघा, माणूस म्हणून तुम्ही मला आवडले. हातात कला आहे, हे पण दिसतंय. पण माझी एकुलती मुलगी आहे. तुम्ही नोकरी धरा. चित्रं रविवारी काढा. मंग माझी काही ना न्हाई."

मुकुलने कल्याणीकडे पाहिलं.

त्या क्षणी कल्याणी काहीतरी बोलू शकली असती. ती बोलली नाही. तिने मान खाली घातली, कारण तिच्या मनात एकच होतं... हो म्हण, मुकुल. हो म्हण, म्हणजे सगळं सुरळीत होईल, पप्पा पण आणि तू पण.

"बराबर आहे काका," मुकुल म्हणाला.

जुन्या ओळखीवर पुण्यात मुलाखत झाली. एप्रिलच्या मध्याला पत्र आलं. एक मेपासून रुजू व्हायचं, पद पहिल्यापेक्षा वरचं. कल्याणीच्या आईने लगेच पंचांग काढलं. कल्याणीही खूश होती, ते लपवण्यात अर्थ नाही. गुरुवारी दुपारी साईटवरून सुटल्या सुटल्या ती अर्धा किलो पेढे घेऊन शेडमध्ये गेली.

मुकुल सामान बांधत होता. भिंतीची सात चित्रं पोत्यांत गुंडाळून झाली होती, ब्रश धुऊन एका डब्यात घातले होते. आठवी चौकट भिंतीला टेकवलेली होती, पांढरीच्या पांढरी. ती दाराजवळच्या भागासाठी होती. तिथे चुन्यावर कमरेच्या वर एक काळसर गुळगुळीत पट्टा होता. कापूस निवडायला आत येणाऱ्या बायका वर्षानुवर्षं तिथे हात टेकवून पायरी चढत आल्या होत्या, त्यांच्या हातांचा. सगळ्यांत अवघड भाग हाच, म्हणून त्याने तो शेवटी ठेवला होता.

"हा राहिला ना?" तिने विचारलं.

"राहिला."

"सोमवारी मी ही भिंत पाडणार आहे."

"माहितीय ना. फोटो काढून ठेवलाय." त्याने पोत्याला गाठ मारली. "पुण्यात बघू एखाद्या रविवारी, जमलं तर."

बसची वेळ सांगावी इतक्या सहज तो हे बोलला. येताना कल्याणीने मनातल्या मनात सगळी तयारी केली होती. तो उदास असेल, मग आपण समजूत घालू, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे म्हणू, मग परत चित्रं काढशील म्हणू. पण तो उदास नव्हता. हसून पेढा तोंडात टाकून 'मस्त आहे' म्हणत होता. फोटोवर भागवणारा हा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता.

"मुकुल, तुला जायचंय का?"

"जायला पाहिजे."

"ते नाही विचारलं मी."

तो पोत्यापाशी बसून सुतळीची गाठ सोडायला लागला.

"न्हाई जायचं," तो म्हणाला. "पण तू पाहिजे. दोन्ही मिळत न्हाई, म्हणून एक घेतलं. मी काय रडून राह्यलो का? मी विचार करूनच घेतलं, कल्याणी. तुझ्यावर उपकार न्हाई केला. मला तू जास्त पाहिजे..."

प्रेमाचे शब्द असे पोत्याच्या सुतळीशी खेळत कुणी बोलत असेल, असं तिला वाटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. त्या रविवारी याने आपल्याकडे पाहिलं होतं, आणि आपण फरशी बघत बसलो होतो.

तिने फोन काढला.

"पप्पा, मुकुल पुण्याला जाणार नाही."

"का? काय झालं?" रामरावांच्या मागे टीव्ही चालू होता.

"तो चित्रं काढणार आहे. रोज. आणि मी लग्न त्याच्याशीच करणार आहे."

टीव्ही बंद झाला. "हे त्याचं म्हणणं आहे का तुझं?"

"माझं. त्याला आत्ताच कळतंय. समोर बसलाय, तोंडात पेढा आहे."

"बेटा, मी तुझ्या भल्यासाठी—"

"माहितीय पप्पा. तुम्ही अट घातली तेव्हा मी गप्प बसले, कारण मलाही तेच पाहिजे होतं. तुमचा एकट्याचा दोष नाही. पण ते चुकलं माझं. ती अट काढून टाका."

"अन् लोकांनी विचारलं, जावई काय करतो, तर काय सांगू?"

"चित्रं काढतो म्हणून सांगा."

"अन् घर कसं चालतं म्हणले तर?"

"मुलगी अभियंता आहे म्हणून सांगा. तुम्हीच केली मला. घरात एक इंजिनिअर पुरे असतो, पप्पा. आपल्या घरात दोन झाले, तर आई वैतागून गेल्ती."

पलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. "तुझी आई हसून राह्यली इथं," रामराव चिडून म्हणाले. मग त्यांनी टीव्ही परत लावला, परत बंद केला. "हे बघ, मी अजून हो म्हणलो न्हाई. पण... रविवारी जेवायला घेऊन ये त्याला. बसून बोलू."

"रविवारी नाही जमणार, पप्पा. रविवारी त्याला काम आहे. मंगळवारी येतो."

तिने फोन ठेवला. मुकुल उठून उभा राहिला होता. पेढा त्याने कधीचा गिळला होता.

"सगळ्यांना सांगून झालं," तो म्हणाला. "मला विचारायचं राहिलं की."

"विचारते ना. माझ्याशी लग्न करतोस?"

"करतो. पण ते पुण्याचं—"

"त्यांना आज कळव. माफी माग अन् कळव." तिने पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला, हेल्मेट काढून त्याच्या शेजारी ठेवलं आणि ओल्या डोळ्यांनीच पांढरी चौकट उचलून दाराजवळ नेली. "अन् आत्ता ब्रश काढ बाहेर. गुरुवार जवळजवळ गेलाय, तीन दिवस आहेत तुझ्याकडे. सोमवारी सकाळी आठला मी जेसीबी घेऊन येणार म्हणजे येणार. नवरा म्हणून एक मिनिट जास्त मिळणार न्हाई."